दहावीचं वर्ष वगळून

जठारपेठ, अकोला
२३ मार्च २०२६

आदरणीय जुबेर सर,

जुईलीचा नमस्कार. ईद होऊन दोन दिवस झाले, तरी शुभेच्छा देते. अफिफाभाभींना सलाम सांगा. तुम्हाला मुलगी आहे आणि तिचं नाव आमिना, हे शिवमकडून कळलं. चांदूर रेल्वेचा पत्ताही त्याच्याकडूनच घेतला. तुमच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आता तुम्हीच बघता, असं तो म्हणाला.

आमची बारावी संपली. पेपर बरे गेले. फिजिक्सला वेळ पुरला नाही, पण तो कोणालाच पुरला नाही. अकोल्यात ऊन आताच असं तापलंय की दुपारी चारपर्यंत गल्लीत चिटपाखरू नसतं. बाबा म्हणतात लॉ कर, ऑफिस तयारच आहे. मी अमरावतीला बी.एस्सी.ला जायचं म्हणते. त्यावरून घरात कुरबूर चालू आहे. आई दोघांनाही जेवायला वाढते.

हे सगळं तुम्हाला का सांगते आहे, ते मलाही कळत नाही. खरं सांगायचं ते जानेवारीतल्या निरोप समारंभाबद्दल.

शेवटच्या शनिवारी आमचा निरोप समारंभ झाला. पाचवी ते बारावी, आठ वर्षं एका शाळेत. निधीनं पडद्यावर फोटो लावले होते. पाचवीतली दप्तरापेक्षा लहान पोरं, सहावीतलं स्नेहसंमेलन, सातवीची चिखलदऱ्याची सहल, सहलीत केदारला झालेल्या उलट्या. सगळे खूप हसलो. आठवी, नववी, आणि मग एकदम अकरावी. दहावीचा एकही फोटो नव्हता. निधीला कोणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

मग एकेकानं उठून आठवणी सांगितल्या. शिवमची पाळी आली. तो नेहमी मागच्या बाकावर बसतो, डाव्या बाजूनं भिंतीला लागून, म्हणजे त्या बाजूला कोणी बसत नाही. त्यानं माईक घेतला आणि म्हणाला, "तुमी सगळ्या वर्षांच्या गोष्टी सांगून राहिले. दहावीची कावून नाही सांगत कोणी? जुबेर सर आमाले सोडून गेले नवते. आमीच त्याइले बाहेर धाडलं होतं."

मग मोठ्या मॅडम उठल्या, म्हणाल्या, "चला, आलूबोंडे गार होतील." सगळे उठले. मीसुद्धा उठले, सर. मी प्लेट घेतली आणि खाल्लं.

सायकल स्टँडवर मी शिवमला गाठलं. विचारलं, तू इतके दिवस का बोलला नाहीस? तो म्हणाला, "मले कोणी विचारलं? तुमी माह्या डोयाकडे पाहत नवते, तोंडाकडे काय पाहान?" त्याच्या आईला, बेबीताईंना, त्यानं दवाखान्यातच सगळं सांगितलं होतं. पण त्या आपल्याच शाळेत खिचडी शिजवतात. त्या म्हणाल्या, पोरा, एक डोया गेला, आता माही चूलही घालवतो का? म्हणून तो गप्प राहिला. पण दर ईदला तो तुमच्याकडे येतो, हे मला त्या दिवशी कळलं. ज्याचं सगळ्यात जास्त गेलं तो येत होता. आणि आम्ही बाकी सदतीस जण.

आता लिहिते. दोन महिने इथपर्यंत येऊन थांबते आहे.

तो अकरा डिसेंबर होता, तुमचा वाढदिवस. वर्गणी काढून केक आणला होता, आणि रोहितनं फेसाचा स्प्रे. शेवटचा तास प्रयोगशाळेत होता. तुम्हाला दहा मिनिटं बाहेर काढायचं ठरलं, आणि मी वर्गप्रमुख म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी दारात येऊन म्हणाले, "सर, तुम्हाला मोठ्या मॅडमनी बोलावलंय." तुम्ही स्पिरिटचा दिवा नुकताच पेटवला होता. जाताना म्हणालात, "आलोच मी. जुईली, दिव्याजवळ कोणाला जाऊ देऊ नकोस."

मी फळ्यावर तुमचं नाव लिहीत होते. रंगीत खडूनं, फुलं काढून. पाठीमागं रोहितनं शिवमच्या तोंडावर स्प्रे उडवला, गंमत म्हणून. दिवा शिवमच्या कोपराजवळ होता. मी वळले तेव्हा जाळ झाला होता.

तुम्ही अर्ध्या जिन्यातूनच आरडाओरडा ऐकून धावत आलात. पाणी ओतलंत, त्याला उचलून दोन जिने उतरवलंत. टेबलावरच्या तुमच्याच फोनवरून केदारनं आपल्या वडिलांना गाडी घेऊन बोलावलं. शिवमला आणि बेबीताईंना गाडीत बसवून तुम्ही परत वर आलात. मी कपाटामागं उभी होते, तुम्ही मला पाहिलं नाही. तुम्ही डस्टर घेतलं आणि फळा पुसला. मग मोटारसायकल काढून दवाखान्यात गेलात. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. आम्ही वाचावं म्हणून तुम्ही तो पुसलात, हे मला तेव्हाच कळलं होतं. बोर्डाच्या परीक्षेआधी आम्हाला शाळेतून काढलं असतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी बाबांनी मला समोर बसवलं. "विचारलं तेवढंच सांगायचं. सर खोलीत होते का? नव्हते. संपलं." वर्गातही सगळ्यांचं तेच ठरलं. केकचं नाव नाही, स्प्रेचं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तुम्ही एवढंच म्हणालात, "मला निरोप आला होता." निरोप कोणी आणला, ते सांगितलं नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाहीत. मोठ्या मॅडम म्हणाल्या, मी तर बोलावलं नव्हतं. मग तुम्हाला बाहेर पाठवून आम्हाला विचारलं, मग सर कशाला गेले होते?

सर, याचं उत्तर कोणी ठरवून दिलं नव्हतं. बाबांनी नाही, वर्गानं नाही. मी म्हणाले, "सर फोनवर बोलत बाहेर गेले." फोन टेबलावर होता हे केदारला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. पण मी बोलले म्हणून मग सगळे तेच बोलले. चौकशीच्या कागदावर ते "सर्व विद्यार्थ्यांनी सांगितले" असं आलं. ते सर्वांनी नाही सांगितलं. ते माझं वाक्य आहे.

तुम्ही तासिका तत्त्वावर होता. तुम्हाला काढायला एक ओळ पुरली. त्या कागदामुळं पुढं कुठल्याच शाळेनं तुम्हाला घेतलं नाही, हेही शिवमनंच सांगितलं.

या महिन्यात नऊ तारखेला मला अठरा पूर्ण झाली. आता माझ्या अर्जावर बाबांची सही लागत नाही. जे झालं ते सगळं लिहून मी शाळेत नेलं. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "बाळ, आता उकरून काय मिळणार?" मी उठले नाही. शेवटी क्लार्कनं शिक्का मारून पोच दिली. तिची प्रत सोबत आहे. वर्गातल्या अडतिसांपैकी पाच जणांच्या सह्या आहेत: शिवम, निधी, केदार, मी आणि देवमन. रोहितच्या घरी गेले तर त्याच्या आईनं दार लावून घेतलं. स्वानंद म्हणाला, नीटची परीक्षा होऊ दे, मग बघू. बाबा चार दिवस माझ्याशी बोललेले नाहीत.

या कागदानं तुमची नोकरी परत येणार नाही, हे कळण्याएवढी मी मोठी झाले आहे. माफ करा असं लिहिणार होते. मग वाटलं, तेही माझ्याच सोयीचं होईल. म्हणून लिहीत नाही.

जिला तुम्ही दिवा सांभाळायला दिला होता,
ती जुईली


चांदूर रेल्वे
२ एप्रिल २०२६

प्रिय जुईली,

तुला अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. तीनदा वाचलं. अफिफानंही वाचलं. मग तिनं कागद घडी करून कपाटात ठेवला. आम्ही सगळे ठीक आहोत. अब्बांचा गुडघा दुखतो, त्यामुळं ते दुकानात सकाळीच येतात. आमिना दिवसभर नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत टाकते आणि मग सगळे एकत्र करते.

तू खरं लिहिलंस, तर मलाही खरं लिहावं लागेल. फळा मी तुमच्यासाठी पुसला नाही. घाबरून पुसला. फळ्यावर माझं नाव, खाली केक, आणि तिकडं पोरगं जळलेलं. सरांच्या वाढदिवसात पोरगं गेलं असं लोक म्हणतील, एवढंच डोक्यात आलं. तुझं नाव घेतलं नाही त्यातही मोठेपणा नव्हता. तासिकेवरचा माणूस, त्यातही माझ्या नावाचा, त्यानं वकिलाच्या मुलीकडे बोट दाखवायचं? माझं कोण ऐकणार होतं? मला थोर समजू नकोस. त्याचं मला ओझं होतं.

आणि दिवा. तो पोरीच्या हवाली करून जायचा नसतो. टोपण घातलं की एका क्षणात विझतो. हे मी वर्गात दरवर्षी शिकवायचो. चौकशीच्या कागदात हे कोणीच लिहिलं नाही. मला मात्र रोज आठवतं. तुझ्या पत्रातली शेवटची ओळ म्हणून मला मान्य नाही. ती खोडून टाक.

फोनचं वाक्य तुझं आहे, हे मला माहीत नव्हतं. वाचून राग आला. तो अजून आहे. खोटं कशाला लिहू? पण त्याहून वाईट गोष्ट वेगळी आहे. ते वाक्य रोहितचं, असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. गेल्या वर्षी बडनेऱ्याला गाडीची वाट बघत होतो, तर तो समोरून आला. "सर!" म्हणून पाया पडायला वाकला. मी पाय मागं घेतला आणि तोंड फिरवून पुढं निघून गेलो. लोक बघत होते. तो तसाच वाकलेला होता. त्याच्या आईनं तुझ्यासमोर दार का लावलं, ते मला आता कळतं.

तुझी प्रत मी ठेवून घेतली आहे. कुठं अर्ज करीन की नाही, सांगता येत नाही. अफिफा म्हणते, "करून तर पाहा." हात अजून धजत नाही.

अमरावतीला जा. बाबांशी भांडू नकोस, आणि त्यांचं ऐकूही नकोस. तुमच्या वर्गाला माझ्याकडून सांग की मला तुमची आठवण येते. दहावीचीसुद्धा.

रोहितच्या घराचा पत्ता उलट टपालानं पाठव. फोन नंबर नको, फोनवर त्याचा आवाज ऐकला की मला काही सुचणार नाही. दुकान शुक्रवारी दुपारी बंद असतं, पत्ता मिळाला की येईल त्या शुक्रवारी मी अकोल्याला येतो. त्याची आई दार लावेल, तर मी बाहेर उभा राहीन.

तुझा,
आणि रोहितचाही,
जुबेर सर