बैलाचं कडं

४ मार्च
सामान लागलं एकदाचं! इंग्लंडातल्या लिंकनशरच्या या सपाट मुलखात गार्थ उलियटच्या शेतावरचं हे दोन खोल्यांचं घर मला पाहताक्षणीच आवडलं. खिडकीसमोर नांगरलेलं शेत, शेजारी त्याची बटाट्यांची जुनी वखार. माझा नवरा सिरिल गेल्यापासून त्याचं मेटल डिटेक्टर कपाटात पडून होतं. शेतात ते फिरवायला गार्थने आनंदाने परवानगी दिली. वर चेष्टाही केली, “रोमन खजिना सापडला तर घरमालकाला विसरू नका हं, म्युरिअल!”

९ मार्च
सोनं नाही, नुसतं लोखंड. आणि ते ओळखणं महाकठीण. जमिनीतून निघतं ते तांबूस ढेकूळ. ब्रशने घासत बसलं की हळूहळू आकार येतो. एक घोड्याचा नाल निघाला, एक कुळवाचा दात. तिसरं बिजागरीचं कडं, बोल्ट लावून बंद होणारं. कुंपणापाशी थांबलेला गार्थ मी माती झटकायच्या आतच म्हणाला, “बैलाच्या पायातलं. माझ्या पणजोबांच्या वेळचं. टाकून द्या, उगाच हात घाण!” जाणकार दिसतो.

१३ मार्च
जाणकार की घाईत? गंज वरवरचा आहे. बैलाच्या पायाला हे पुरणार नाही.
माझ्या घोट्याला लावून पाहिलं. नेमकं बसलं. लगेच काढलं.

१६ मार्च
तालुक्याच्या संग्रहालयातल्या मिस पार्जिटरना फोटो पाठवले. त्यांचा लगेच फोन आला. बिजागरीत अडकलेला निळा धागा नायलॉनचा आहे म्हणाल्या. मोज्याचा असावा. पणजोबांच्या काळी नायलॉन नव्हतं. घरमालकाने कडं पाहिलंय का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, पोलिसांना कळवा.
कळवलं. उद्या-परवा कुणीतरी येईल म्हणे.

१८ मार्च
गार्थ आला होता. कडं कुठे आहे, विचारत होता. टाकून दिलं, मी म्हणाले. तो हसला. बोलताना सारखा माझ्या पायांकडे बघत होता.

१९ मार्च
सकाळी वखारीच्या भिंतीशी गेले. डिटेक्टर वाजलं. बंद केलं — तरी आवाज येतच राहिला. आतून. लोखंडावर लोखंड, अगदी हळू.
मी दारावर टकटक केली. आतून टकटक आली. मग कुजबूज. परकी भाषा, एकच शब्द — पुन्हा पुन्हा. दुसरं कुणीतरी रडत होतं.
पळत घरात आले. पोलिसांना पुन्हा फोन. निघालेत म्हणे. आतून कडी लावा म्हणे — या दाराला कडीच नाही, नुसतं कुलूप —

वखारीतला आवाज एकदम थांबला. आणि मग मला गाडी ऐकू आली. वखारीतल्यांना ती आधीच कळली होती.
पोलिसांची नाही.
तो घंटा वाजवत नाहीये. घर त्याचंच, त्याच्याकडे किल्ली —