कलिंग जिंकलं, सुखदा

दीक्षितपुरा, जबलपूर
रविवार

प्रिय सुखदा,

सुटलं! अठरा वर्षं अडून बसलेलं कोडं काल दुपारी सुटलं. कलिंग जिंकतं आणि तरीही तू नि मी आपल्या जेवणाच्या टेबलाशी पोचतो, पोहे-जलेबीसकट! मी टेबलावर एवढ्या जोरात हात आपटला की तुझी आई हातातली पोळी टाकून धावत आली. काहून ओरडून राहिले, म्हणाली. मी म्हटलं, कलिंग जिंकलं. अच्छा, म्हणून ती परत गॅसपाशी गेली. हे कळणारं माणूस जगात एकच आहे, आणि ते दोन वर्षं दोन महिने माझ्याशी बोललेलं नाही. फोनवर माझा आवाज लगेच चढतो हे तुला ठाऊक आहे, म्हणून पत्र लिहितो आहे. निदान सोबतचा नकाशा बघेपर्यंत तरी फाडू नकोस.

आपला 'जर-तर' तू विसरली नसशील. दर रविवारी एकाने इतिहासातली एखादी लढाई उलटवायची आणि दुसऱ्याने तिथून पायरी पायरीने आजपर्यंत यायचं. नियम एकच, शेवटी आपण दोघं एका टेबलाशी बसलेले असलो पाहिजेत. नाही जमलं तर भांडी घासायची. तू अलेक्झांडरला झेलमच्या पुरात बुडवलंस तरी मी सहा पायऱ्यांत घर गाठलं होतं! मग तू अकरा वर्षांची असताना आपण स्कूटरवरून रूपनाथला गेलो, अशोकाने कोरवून घेतलेला दगड बघायला. परतताना तू मागच्या सीटवरून ओरडून विचारलंस, बाबा, कलिंगच्या युद्धात अशोक हरला असता तर? आणि मी अडलो. मगध खचलं की पुढची सगळी राज्यं बदलतात. मग नागपूरकर भोसले येत नाहीत, त्यांच्या फौजेबरोबर कारकुनीला आलेले आपले पूर्वज नर्मदेकाठी येत नाहीत. मग मी नाही आणि तूही नाहीस. तू ते मान्य केलंच नाहीस, मला दुसरी वाट काढा म्हणालीस. भांडी मी घासली, पण वाट काही सापडली नाही.

चूक कुठे होत होती सांगू? जन्मभर बर्गी धरणाचे नकाशे काढले मी, आणि या खेळात मात्र नद्या सोडून राजे बघत बसलो! आता नकाशा उघड. निळी रेघ महानदीची. कलिंगचे लोक दर्यावर्दी, जिंकल्यावर त्यांना पाटलीपुत्र घेऊन काय करायचं आहे? त्यांना वाट हवी, पूर्वेच्या समुद्रापासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत. ते महानदीने वर सरकतात, मैकलचे डोंगर ओलांडतात, नर्मदा धरतात आणि थेट भडोचला उतरतात. आणि या वाटेच्या मध्यावर कोण? आपण! ग्वारीघाटावर दोन्ही समुद्रांचा माल, शंख काय, मीठ काय, हत्ती काय! मग वऱ्हाडातून कापसाच्या गाड्या इकडे येणारच, आणि त्यातल्या एका गाडीवर आपले खापरपणजोबा मांडी घालून बसलेले. कोणाची फौज नाही, कोणाची चाकरी नाही. बाजार आवडला म्हणून राहिले आणि दीक्षितपुऱ्यात घर बांधलं. बघितलंस? एकही तलवार न उपसता पोचलो!

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण पेन्सिली टोकदार होत्या आणि मी रंगात आलो होतो, म्हणून शेजारपाजार भरायला घेतला. अशा जबलपुरात निम्मं गाव ओडिया असणार. घमापूर हिरवं रंगवलं, तिथे महापात्रांची घरं. म्हणजे तुझा बिभूती (हो, नाव लिहितो आहे) कुठे लांब भुवनेश्वरला नाही, इथेच चार गल्ल्यांपलीकडे. तुमचं जमणार हे ठरलेलंच, ते कुठल्याही युद्धाने बदलत नाही. मग मी नवा सदरा घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन त्याच्या वडिलांकडे जातो. आणि ते गृहस्थ, खुर्चीतून न उठता, मला सांगतात, आमच्यात असं होत नाही.

सुखदा, मला इतका राग आला! हिरव्या पेन्सिलीचं टोक मोडलं. माझ्या मुलीत काय कमी आहे म्हणून मी त्यांना फाडफाड बोललो, एकटाच, मोठमोठ्याने. तिच्यासारखी शिकलेली, मनाची मोठी मुलगी तुमच्या घमापुरात दाखवा म्हटलं. आमच्यात होत नाही म्हणजे काय, हे काय कारण झालं? त्या बिचाऱ्या महापात्रांना मी भेटलोही नाही कधी. ते वाक्य माझं होतं. याच टेबलाशी तू कारण विचारलंस तेव्हा मी तेवढंच म्हणालो होतो, कारण दुसरं कुठलंच कारण माझ्याकडे नव्हतं. वर म्हणालो होतो की त्या घरात पाय ठेवणार नाही. लग्नाला आलो नाही. तू भांडली नाहीस, बॅग उचलून गेलीस, आणि मला वाटलं मी जिंकलो.

रूपनाथच्या दगडावर काय लिहिलं आहे ते मी तुला तेव्हा वाचून दाखवलं होतं. एवढा सम्राट, पण कबूल करतो की बुद्धाचा उपासक होऊन अडीच वर्षांहून जास्त झाली, आधी मात्र मी फारसा नेट लावला नाही. पुढे म्हणतो, नेट लावला तर लहान माणसालाही साधतं. माझी अजून अडीच वर्षं व्हायची आहेत, म्हणजे त्याच्यापेक्षा मी जरा लवकरच शहाणा झालो म्हणायचं.

आईने मला काही सांगितलेलं नाही. पण घरभर डिंकाच्या लाडवांचा वास आहे, तिची बॅग भरलेली आहे, आणि तुझी जुनी दुपटी दोरीवर वाळत आहेत. तुला मुलगी झाली, आज सहा दिवसांची आहे, एकविसाव्या दिवशी तिचं नाव ठेवणार आहात, एवढं मी दाराआडून ऐकलं. तिकीट एकच काढलं आहे तेही ऐकलं. बोलायला मला तोंड नाही. पण आज सकाळी नकाशा पुन्हा पाहिला तर माझी चूक दिसली. माझा बाण दीक्षितपुऱ्यात येऊन थांबतो, आणि इथे टेबलाशी मी एकटाच बसलेला आहे. म्हणजे कोडं सुटलेलंच नाही. नियमात टेबल कुठलं असावं हे मात्र आपण कधी ठरवलं नव्हतं. म्हणून मी तो शेवटचा ठिपका खोडला आणि लाल पेन्सिलीने भुवनेश्वरला काढला, तुझ्या घरावर. मला येऊ देशील का? तू ये म्हणालीस तरच हे सुटलं. भांडी सगळी मी घासीन.

तुझाच,
बाबा