राणी आणि कव्हर

तीर्थरूप बाबा,

धाकट्याचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. तुमची पाठ कशी आहे? ताईने कळवलं, निवृत्त होऊन चार महिने झाले तरी तुम्ही सकाळी सातला डबा घेऊन दारात उभे असता. आईसुद्धा मुकाट्याने डबा भरून देते म्हणे.

परवा सुट्टीच्या दिवशी मी ओव्हरटाइमला नाही म्हटलं. फोरमन जरा फुरंगटला, पण दुपारी तोच आमच्या खोलीवर कॅरम खेळायला आला. मी तुमचा तो तिरका कट मारला. राणी आणि कव्हर एकाच फटक्यात आत. फोरमनने तोंडात बोट घातलं.

"कुणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"काय करतात ते?"

एरवी मी सांगतो, ते लेथवर होते, तीस वर्षांत एक खाडा नाही. त्या दिवशी छाती फुगवून म्हणालो, "कॅरम खेळतात."

तुमचा स्ट्रायकर हत्यारांच्या पेटीत तळाशी आहे, फडक्यात गुंडाळलेला. आईलाही समोर बसवा. फोरमनपुढे मला खोटं पाडू नका.

तुमचा,
धाकटा