चार वस्त्यांच्या पावसाच्या वह्या

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
पर्जन्य नोंद संकलन कक्ष,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : मीच दिलेली पावसाची आकडेवारी मला मिळणेबाबत.
संदर्भ : माझे पाच अर्ज व आपले एक उत्तर.

महोदय,

मी कपाशी आणि पाऊस या विषयावर पीएच.डी. करते. पाचोडकडे पाऊस एका बांधावर पडतो, शेजारच्या बांधावर पडत नाही; सरकारी पर्जन्यमापक मात्र साऱ्या महसूल मंडळाला एकच. म्हणून मी चार वस्त्यांवर चार मापके बसवली. तीन पावसाळे तिथल्या बायांनी रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून वहीत लिहिले. भामाबाई काळे यांनी तर सुनेच्या बाळंतपणाच्या दिवशीही खाडा केला नाही.

पडताळणीसाठी आपल्या कार्यालयाने त्या वह्या मागितल्या. दोन दिवसांत परत देतो असे सांगितल्याने मी झेरॉक्स काढली नाही. हा मूर्खपणा सर्वस्वी माझा. त्यास सात महिने झाले.

आपण पाठवलेल्या तक्त्यात चारही वस्त्यांचा पाऊस एकसारखा आहे. १४ ऑगस्ट २०२३ च्या पानांचे फोटो सुदैवाने माझ्या मोबाइलमध्ये राहिले : भामाबाईंकडे ४१ मिलिमीटर, उरलेल्या तिन्ही ठिकाणी शून्य. आपल्या तक्त्यात सरासरी काढून चारही ठिकाणी सव्वादहा. जिथे धूळ उडत होती तिथेही आपण पाऊस पाडलात, याबद्दल आभारी आहे. पण तिथली कपाशी वाळली होती, तिचे कारण मी काय लिहू?

मूळ वह्या मागितल्या, तेव्हा त्या अभिलेखात जमा झाल्याचे व प्रतीसाठी विहित नमुना भरण्याचे कळवण्यात आले. त्यात रकाना सहा असा : 'मागणी केलेल्या प्रत्येक दिवसाचा पाऊस'. तो ठाऊक असता तर मी आपल्या दारी आलेच नसते. रकाना कोरा ठेवला तर अर्ज अपूर्ण म्हणून परत आला, अंदाजे भरला तर जुळत नाही म्हणून. वह्या आपल्या खिडकीशेजारच्या कपाटात आहेत. काचेतून दिसतात.

प्रबंध ३१ जानेवारीला सादर करायचा आहे. आता कोणाकडे जावे, हे मला खरोखर कळत नाही.

परवा पाचोडच्या बाजारात भामाबाई भेटल्या. पावसाळा सरला तरी सवयीने रोज मापक बघतात. त्यांनी विचारले, "पोरी, आमच्या वह्या वाचल्या का गं सायबानं?" मी हो म्हणाले. वह्या देणे शक्य नसेल तर निदान एकदा उघडून वाचाव्यात, म्हणजे मी त्या माउलीशी खोटे बोलले असे होणार नाही.

आपली नम्र,
दीपमाला कडूबा साळवे
छावणी, छत्रपती संभाजीनगर
दि. ९ डिसेंबर २०२५

सोबत : चार फोटो.