इंटरव्हलपर्यंत

॥ रेणुकामाता प्रसन्न ॥

जालना,
९ फेब्रुवारी १९८६

ती. उषावहिनींस,

बेबीनंदाचा वाकून नमस्कार. इकडं आम्ही समदे ठीक आहोत. आईच्या गुडघ्याचं कळवावं. तुमच्या रुख्मिणचा माझ्या वाटणीचा एक गालगुच्चा घ्यावा.

वहिनी, तुमचं मागलं कार्ड मिळालं. आई बरी, रुख्मिण बरी, गिरणी चालू. संपलं पत्र! तुम्ही कशा आहात ते कधीच नसतं. दादा ट्रकवर गेला, ट्रक परत आला पण तो आलाच न्हाई, त्याला आता तिसरं वर्ष. तेव्हापासून तुमची पत्रं अशीच येतात. फक्त पिक्चरबद्दल विचारलं की तुम्ही दोन ओळी जास्त लिहिता. माझं लग्न व्हायच्या आधी आपण दोघी जत्रेतल्या तंबूत एका घोंगडीत बसून पिक्चर पाहायचो, अन् दुसऱ्या दिवशी चुलीपुढं तुम्ही त्यातल्या नटीची अशी नक्कल करायच्या की माझ्या पोटात दुखायचं. म्हणून आता ठरवलंय, तब्येत विचारणारच न्हाई. मी पाहिलेला पिक्चर लिहीन, तुम्ही तुमचा लिहा.

मागल्या रविवारी हे मला पिक्चरला घेऊन गेल्ते. नवरा फौजेत असतो, मेला म्हणून तार येते, पण बायको कुंकू पुसत न्हाई. सगळं गाव तिला वेडी म्हणतं. शेवटी तो दारात उभा राहतो अन् तिच्या हातातली आरतीची थाळी खाली पडते. माझ्या शेजारची बाई इतकी रडली की तिचं लेकरू घाबरून रडाया लागलं. मी पदराचा बोळा तोंडात धरला होता. एकच खटकलं, इतकी गरीब बाई अन् दर गाण्याला नवं लुगडं. ते धुतं कोण अन् वाळतं कुठं, ते देव जाणे.

तुम्ही काय पाहिलं? लांब लिहा. वहिनीची माया आहे तशी राहू द्यावी.

तुमची,
बेबी


शहागड,
२ मार्च १९८६

चि. सौ. बेबीस,

उषाचे आशीर्वाद. रामकिसनरावांना नमस्कार सांगणे. आत्याबाईंचा गुडघा आहे तसाच आहे.

तुझं पत्र आत्याबाईंना वाचून दाखवलं. थाळी पडली तिथं त्या रडल्या. मला एवढंच वाटलं की पितळेची असेल तर पोचा आला असेल.

मीपण एक पाहिला. शेजारच्या गयासोद्दीनभाईंच्या पोरीची मंगनी झाली, तवा त्यांच्या खुर्शीदनं अंबडहून व्हिडिओ आणला होता. रहिमुन्निसा चाची स्वतः बोलवायला आली. जावं असं मनात नव्हतं, जाऊ नये असंही नव्हतं. गिरणी बंद केली, अंगावरचं पीठ झटकलं अन् गेले. पुढं लेकरं, मधी बाया, मागं बापे. मधीच लाइन गेली, मंग आली, तोवर एक मारामारी होऊन गेल्ती.

पिक्चर असा की आई हरवलेल्या पोरासाठी रडून रडून आंधळी होते. पोरगा डॉक्टर होऊन येतो, तोच तिचं ऑपरेशन करतो, पट्टी सोडल्यावर ती पहिल्यांदा त्यालाच पाहते. ठीक आहे. लांबला. नट दिसायला बरा, पण एवढा रडतो तरी त्याचं नाक लाल होत न्हाई. रडणाऱ्या माणसाचं नाक लाल होतं. आणखी एक, तीन तासांत एकाही बाईला दळण दळायचं नव्हतं.

तू विचारणार नाहीस म्हणालीस, पण लिहिते. मी एकदाही रडले न्हाई. सुरुवातीला गावातल्या बाया येऊन माझ्या तोंडाकडं पाहत बसायच्या, आता त्यांनीही सोडून दिलं. झोपेत हात अंगाखाली दबला की तो आपला वाटत न्हाई, तसं समदं अंग झालंय. दुखत काहीच न्हाई. तू वाईट वाटून घेऊ नको.

लोभात कमीजास्त करू नये.

तुझी वहिनी,
उषा


जालना,
२० एप्रिल १९८६

ती. उषावहिनींस,

बेबीचा नमस्कार. हे पत्र आईला वाचून दाखवू नका. आधी एकट्या बसून वाचा.

यांच्या मिलच्या गेटवर वाटूरचा एक ड्रायव्हर येतो, कचरू म्हणून. लोखंड भरायला आल्ता. तो सांगत होता की इटारसीच्या बाजूला एका लाकडाच्या वखारीत त्यानं दादाला पाहिलं. त्यानं हाक मारली तर दादानं वळून बराबर पाहिलं, अन् ओंडक्यांच्या मागं निघून गेला. यांनी कचरूला शपथ घालून विचारलं. तो म्हणाला, धर्मराजच होता, एका गाडीवर दोघांनी काम केलंय, मी चुकेन का.

वहिनी, दादा जिता आहे. हे त्याला आणायला जायला तयार आहेत, पण म्हणतात की आधी वहिनींना विचार, त्या म्हणतील तसं. म्हणून विचारते. माझं म्हणाल तर मला आजच निघावं वाटतं. माझा एकच भाऊ आहे.

पिक्चर पाहिला एक. मन लागावं म्हणून यांनी नेलं होतं. काय पाहिलं ते सांगता येत न्हाई. कोणीतरी कोणाचं तरी लग्न मोडलं अन् हिरोनं पिवळा कोट घातल्ता, एवढंच ध्यानात आहे.

उलट टपाली कळवा. माझी वेडीवाकडी माया गोड मानून घ्यावी.

बेबी


शहागड,
२९ एप्रिल १९८६

चि. सौ. बेबीस आशीर्वाद.

पत्र गिरणीत वाचलं. घरी येऊन आत्याबाईंनाही वाचून दाखवलं. तू नको म्हणाली होतीस, पण लेक जिता आहे हे आईपासून लपवणं मला जमलं न्हाई. त्या उठल्या अन् काठी न घेता देवळात गेल्या.

आणावं का म्हणून तू विचारतेस. घर त्यांचं आहे, आई त्यांची आहे. आणा. रामकिसनरावांनी खर्च करून एवढ्या लांब जावं का, ते त्यांनी पाहावं.

चाचीनं विचारलं, खुश है ना बेटी. मी म्हणाले, दळणाचे किती डबे नंबर लावून ठेवलेत ते बघा, आज जेवायला फुरसत न्हाई.

रविवारी पंचायतीच्या टीव्हीवर जुना पिक्चर होता. एक माणूस बाईचं सोंग घेऊन बायांच्या बोर्डिंगात राहतो. समदे हसून हसून लोळले. मीही हसल्यासारखं तोंड केलं, कारण रुख्मिण पडद्याकडं न पाहता माझ्याकडंच पाहत होती.

आठवण ठेवणे.

उषा


शहागड,
१ जून १९८६

चि. सौ. बेबीस,

उषाचे आशीर्वाद. ते आले. रामकिसनराव घरापर्यंत सोडून, चहा न घेताच त्याच गाडीनं परतले, तेव्हा तुला कळलं असेलच. पण पुढं काय झालं ते तू विचारशील, म्हणून लिहिते.

गावाला आधीच कळलं होतं. गल्लीतली चांगुणाबाई दोन्ही सुना घेऊन आल्ती, पदरात शेंगा होत्या. लोक ओट्यावर, भिंतीवर, रस्त्यात, जत्रेच्या तंबूत बसावं तसे बसलेले. मी गिरणीत होते. भिवाची ज्वारी अर्धी खाली उतरली होती, मधी बंद केलं की पीठ जाडंभरडं होतं. ते दळण पुरं केलं अन् मंग आले. पिक्चरमध्ये बाई पळत येते. मी चालत आले.

ते अंगणात उभे होते. हाडं दिसून राह्यलीत. समोरचे केस गेले. आत्याबाई त्यांच्या गळ्यात पडून रडत होत्या. मंग समदे माझ्याकडं पाहू लागले.

मी वाट पाहिली, बेबी. खरंच पाहिली. म्हणलं आता काहीतरी होईल. राग आला असता तरी चाललं असतं. काहीच आलं न्हाई. शेवटी लोक ताटकळले म्हणून मी विचारलं, जेवून निघाल्ते का. ते न्हाई म्हणाले. मी चूल पेटवायला आत गेले. लोक जरा वेळ थांबले, मंग एकेक करून उठले. चांगुणाबाई जाता जाता सुनेला म्हणाली की ह्याच्यात काही मजा न्हाई.

रुख्मिणनं त्यांना पाण्याचा तांब्या दिला अन् विचारलं, पाव्हणे, तुम्ही कुठल्या गावचे. तेव्हा ते रडले. नाक लाल झालं.

आत्याबाई म्हणतात, आता गिरणी धर्मराज पाहील, तू घरात बस. कुठं गेल्ते असं मी अजून विचारलं न्हाई. विचारायचं असतं, ते माहीत आहे.

लेकरांना आशीर्वाद. तुझ्या मनात मला जागा असू दे.

उषा


जालना,
१५ जून १९८६

ती. उषावहिनींस नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मला घास गेला न्हाई. रागावू नका, पण माझ्या भावाचं येणं तुम्ही व्हिडिओवरच्या पिक्चरसारखं लिहिलंय. केस गेले, नाक लाल झालं. तो माणूस आहे, वहिनी. चुकला, मोठा चुकला, पण आला तर खरं! मला वाटायचं तुम्ही त्याच्या दुःखानं दगड झाल्यात, तो आला की पाझराल. तो आला अन् तुम्ही तशाच. मंग ते दुःख होतं तरी कोणाचं?

यांना पत्र दाखवलं तर म्हणाले, वहिनींना असं बोलायचा तुला बिलकुल हक्क न्हाई. त्यावरून आमचं भांडण झालं, दोन दिवस अबोला.

एवढं लिहून घडी घातली होती, पुन्हा उघडून लिहिते. तुम्ही दोघं जालन्याला या. इथं एक नवा पिक्चर लागलाय, नवराबायकोचा. सगळ्या गल्लीतल्या बाया पाहून आल्या, फार चांगला म्हणतात. मी अजून पाहिला न्हाई, तुमच्यासाठी थांबले. दुपारच्या शोला जाऊ. शेजारी बसाल, अंधारात एखादा शब्द तरी बोलाल. आला न्हाईत तर मीच येऊन धरून आणीन.

रागानं लिहिलं तरी तुमचीच आहे.

बेबी


शहागड,
३ जुलै १९८६

चि. सौ. बेबीस,

उषाचे अनेक आशीर्वाद. जालन्याहून मी पिक्चर अर्धा टाकून न सांगता निघून आले, तुला थेटराच्या दारात शोधाशोध करावी लागली. माझं डोकं दुखत होतं असं त्यांनी तुला सांगितलं, हे ते घरी आल्यावर मला म्हणाले. डोकं दुखत नव्हतं.

पिक्चरचा पहिला भाग मला आवडला. ती बाई खरंच घरातल्या बाईसारखी होती, पदराला हात पुसायची. नवरा घर सोडून जातो तिथं हे रडायला लागले. खुर्चीचा दांडा धरून हुंदके देऊन राह्यले, मागचा माणूस गप बसा म्हणाला. मी पडदा सोडून त्यांच्याकडंच पाहत बसले. घरात महिना झाला, माझ्याशी मीठ वाढ यापलीकडं शब्द न्हाई, अन् त्या पडद्यावरच्या बाईसाठी एवढं.

इंटरव्हल झाला. तू लेकराला घेऊन आतच बसली होतीस. मी बाहेर आले, ते माझ्या मागं आले. पोस्टरखाली, शेंगदाणेवाल्याच्या शेजारी उभं राहून मी विचारलं, कुठं गेल्ता अन् का.

ते म्हणाले, इटारसीच्या अलीकडं चहाला थांबलो होतो. दुसऱ्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी उठलो न्हाई. मी विचारलं, का. ते म्हणाले, ते मलाच माहीत न्हाई. तुझं काही चुकलं नव्हतं, कोणी बाई नव्हती, कोणाशी भांडण नव्हतं. फक्त उठावं वाटलं न्हाई. गाडी गेली. मंग लाज वाटाया लागली, अन् लाजेत परत येता येईना.

बेबी, इतकी वर्षं त्या गिरणीच्या आवाजात मी एकच काम केलं. त्या दिवशी मी काय बोलले, भाजीत काय कमी पडलं, निघताना मागं वळून पाहिलं का न्हाई, तेच ते दळून राह्यले होते. पिक्चरमध्ये कारण असतं. माझ्याकडं कारणच नव्हतं. ते ऐकलं अन् मला राग आला. असा आला की कानशिलं तापली, समोरचा शेंगदाणेवाला धूसर दिसाया लागला. मारावंसं वाटलं. मारलं न्हाई, कारण आजूबाजूला लोक होते अन् हे नुसते खाली मान घालून उभे होते.

घंटा वाजली. त्यांनी विचारलं, आत जायचं का. मी म्हणाले, तुम्ही जा. अन् ते गेले, बेबी. गेले अन् उरलेला पिक्चर पाहिला. मी स्टँडवर आले, अंबडची गाडी उभी होती. अंबडला उतरून मोसंबी घेतली अन् पुढच्या गाडीत एकटीनं सोलून खाल्ली. शेजारची बाई पाहत होती, तिला एक फोडही दिली न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंसमोर त्यांना सांगितलं. गिरणी मी चालवली, मीच चालवीन. रुख्मिणनं त्यांना काय म्हणायचं ते तिचं ती ठरवील. त्यांनी राहावं, ओसरीत झोपावं, आईची सेवा करावी, जेवण मिळेल. माझ्या खोलीत पाऊल ठेवायचं न्हाई. आत्याबाई ओरडल्या. मीही ओरडले, एवढ्या मोठ्यानं की चाची भिंतीपलीकडून पळत आली, तिला वाटलं गिरणीच्या पट्ट्यात कोणाचा हात सापडला. ते एवढंच म्हणाले, बराबर आहे. आत्याबाई अजून माझ्याशी बोलत न्हाईत.

तुझा भाऊ आहे, तुला लागेल. पण मागल्या पत्रात तू मला बोललीस ते बरं केलंस. पुन्हा राग आला तर पुन्हा लिही. आता मीही उत्तर देईन.

काल जेवताना ते आपणहून सांगायला लागले की तो पिक्चर पुढं कसा संपतो, त्या बाईनं शेवटी काय केलं. मी त्यांना मधीच थांबवलं अन् भाकरी वाढली. तू शेवटपर्यंत पाहिला आहेस, तुला लिहावंसं वाटेल. लिहू नको.

रामकिसनरावांना नमस्कार. त्यांच्याशी अबोला धरू नको.

तुझी,
उषा