चौथ्या मजल्यापर्यंत

अण्णा, नववीत असताना माझी फिजिक्सची वही लाल फुली घेऊन घरी आली होती. लिफ्टचं त्वरण सर्वांत जास्त कधी असतं, असा प्रश्न होता. मी लिहिलं होतं, मधल्या मजल्यांवर, कारण तिथे ती सर्वांत जोरात जाते. सिस्टरने वर्गाला विचारलं, ही मुलगी कधी लिफ्टमध्ये बसलीच नाही का? वर्ग हसला, मीही हसले. माझे वडील, म्हणजे तुम्ही, फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत लिफ्ट चालवता, हे त्या कॉन्व्हेंटात कुणालाच माहीत नव्हतं. फॉर्मवर 'सर्व्हिस' लिहिलं होतं. तेवढ्यावर माझी सगळी शाळा निभावत होती.

काळाचौकीच्या आपल्या खोलीत आई बांगडे साफ करते आहे, मी फुगून भिंतीला टेकले आहे, आणि चौथी शिकलेले तुम्ही ती इंग्रजी वही उलटसुलट बघता आहात. "माझा चेडू, आणि लिफ्टीत नापास?" म्हणालात. आई हसली. मला मात्र राग आला होता, वहीचा नव्हे, तुमचा.

शनिवारी दुपारी तुम्ही मला कामावर बोलावलंत. ऑफिसं बहुतेक बंद होती. रद्दीवाल्याकडून मागून आणलेला स्प्रिंगचा काटा तुम्ही लिफ्टच्या जाळीला अडकवलात आणि त्याला चार किलो बटाट्यांची पिशवी लावलीत. हँडल फिरवलंत. लिफ्ट वर सुटली तसा काटा चाराच्या पुढे सरकला. मग मजल्यामागून मजले जात असताना मुकाट चारावर येऊन उभा राहिला. थांबताना चाराच्या खाली उतरला. तुम्ही म्हणालात, "धावता म्हणान ओढ नाय गो. चाल बदलता, तेव्हाच ओढ." सिस्टरने तीन तासांत जे सांगितलं होतं, ते तुम्ही सात मजल्यांत दाखवलंत. मग मी हिशेब मांडला. मधला एक मजला तीन मीटरचा, त्याला दोन सेकंद लागतात, म्हणजे वेग सेकंदाला दीड मीटर. शून्यापासून त्या वेगाला पोचायला दोन सेकंद. दीडला दोनने भागलं, पाऊण. दर सेकंदाला वेगात पाऊण मीटरची भर. उत्तरात सेकंद दोनदा का लिहितात, ते मला तेव्हा कळलं.

खाली आलो तर दाराशी माझ्या वर्गातली एक मुलगी, तिच्या वकील वडिलांबरोबर. तुम्ही पिशवी काढून पायाने स्टुलाखाली सारलीत. "तू इथे कशी?" तिने विचारलं. काकांच्या ऑफिसात आले आहे, मी म्हटलं. कुठलं ऑफिस, असं तिने विचारलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"कौनसा माला, मॅडम?"

तुम्ही मला विचारत होता. घरात मालवणीशिवाय दुसरं न बोलणारे तुम्ही.

"फोर्थ," मी म्हटलं.

तुम्ही लिफ्ट अगदी फरशीला फरशी लावून थांबवलीत. जाळी उघडलीत. नजर हँडलवर. मी उतरले, ती दोघं वर गेली. बंद दारांच्या त्या बोळात जरा वेळ उभी राहिले, मग जिन्याने उतरून तुम्हाला न सांगता बस पकडली. संध्याकाळी तुम्ही बटाटे आईच्या हातात दिलेत आणि मला एवढंच विचारलंत, "जमला मगे गणित?" मी मान हलवली. तुम्ही पुढे कधी तो विषय काढला नाहीत. तुम्ही मला वाचवलंत की शिक्षा केलीत, यावर मी अनेक वर्षं विचार केला. पण तो विचारही सोयीचाच होता. परकं मी केलं होतं तुम्हाला. तुम्ही फक्त मजला विचारलात.

परवा दादरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये नातीला लिफ्टमधून वर नेत होते. तिला हाच धडा चालू आहे. मी म्हटलं, पोटात कधी ओढ लागते ते बघ, आणि मध्ये कशी लागत नाही तेही. तिला झटकन कळलं. "आजी, हे तुला कुणी शिकवलं?" लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाई होत्या, त्याही माझ्याकडे बघू लागल्या.

"शाळेत," मी म्हटलं. "आमच्या सिस्टरने."

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे. नातीच्या वहीत ठेवावं, निदान तिने वाचावं, असं लिहायला बसताना मनात होतं. आता वाटतं, तेही माझ्याने होणार नाही.