गणपतदादांची नदीकडची खाचरं

रवि. ८ जून

खडवली. सकाळी सव्वासातला स्टेशनबाहेर चौदा जण हजर. मोहने इथल्या चाळींतले नऊ, खडवली गावातले पाच. गेल्या वर्षी संस्थेच्या गच्चीवर मिरच्या-टोमॅटो लावणारी हीच पोरं. या वर्षी मीच हट्ट धरला, कुंड्या पुरे, आता शेत. संस्थेचे सर म्हणाले, "सुषमाताई, एक हंगाम बघू." एक हंगाम मला भरपूर आहे.

जमीन गणपतदादांची. सत्तरीचे आहेत. मुलगा रिक्षा चालवतो, नातू जितेश बाईकवरून पार्सलं पोचवतो, त्यामुळे सात वर्षं जमीन पडीक. "पडून हाय ती पडूनच हाय. या वर्साला करा तुमी," एवढ्या बोलण्यावर दिली. कागद वगैरे नाही. (इथून पुढे ग.दा. लिहिणार.)

भाताच्या रोपांसाठी अगदी नदीकडचं खाचर धरलं. ग.दा. बांधावरून म्हणाले, "बाय, रोप वरच्या खाचरात टाक. नदीचा भरवसा नाय." मी म्हटलं, इथे माती मऊ आहे, पाणी जवळ आहे, जमेल. ते घराकडे वळले.

बावीस वर्षं नर्सरीत काढलीत मी. आंब्याची किती कलमं बांधली त्याला गणती नाही. रोप म्हणजे रोप.

मंगळ. १७ जून

उगवण एकसारखी. लांबून हिरवी चादर घातल्यासारखं दिसतं. रोशनीने बोटांनी उंची मोजली. ही मोहन्याची, एस.वाय. बी.एससी., कुणी न नेमता गटाची कॅप्टन झालेली. तिने "शिट्टी वाजली" म्हटलं की मुलगे जेवण अर्धवट टाकून उठतात.

जितेश आलेला. हेल्मेट डोक्यावरच. "आजोबांनी पाठवलं, बघून ये म्हणाले." पाच मिनिटं बांधावर उभा राहिला, बुटाला चिखल लागू न देता गेला.

शुक्र. ४ जुलै

तीन दिवस कोसळतोय. गावातल्या पोरांचा फोन, नदी रस्त्याला लागली. प्रकाश (नवरा) म्हणाला, घरातून हलायचं नाही. हलले नाही. रोपं लावणीला तयार होती, येत्या रविवारी

(इथे फोन आला, वाक्य राहिलं. आता पुरं करण्यात अर्थ नाही.)

रवि. ६ जुलै

पाणी उतरलं. रोपांचं खाचर दिसतच नाही. वर हातभर गाळ, त्यात कुणाची तरी प्लास्टिकची खुर्ची रुतलेली. वरची खाचरं मात्र जशीच्या तशी.

सगळे माझ्याकडे बघत होते. सांगून टाकलं: "दादांनी मला सांगितलेलं, वर टाक म्हणून. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे, पावसाची नाही."

गावातल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. विचारलं तर एक जण म्हणाला, "आम्हालाही माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही मॅडम ना."

गाळापेक्षा हे जास्त लागलं. पोरांना शिकवायला निघालेले, आणि त्यांना माझ्यासमोर तोंड उघडायची सोय ठेवली नव्हती. नवीन नियम आजपासून: चुकतंय असं वाटलं तर तिथल्या तिथे सांगायचं, मी असले तरी. मी असले तर आधी.

सोम. ७ जुलै

सरांचा फोन. वाईट वाटलं म्हणाले, खरंच वाटलं असणार. मग म्हणाले, "गच्चीवर परत येऊ या. पोरांचा उत्साह टिकायला हवा." म्हटलं, उत्साह आहे, रोपं नाहीत. आठवडा मागून घेतला. माझं माहेर साताऱ्याकडचं, ज्वारी-बाजरीतलं. भात मला येत नाही हे आज पहिल्यांदा मोठ्याने कबूल केलं. प्रकाश हसला. "कल्याणला येऊन तीस वर्षं झाली तुला."

मंगळ. ८ जुलै

एकटी ग.दां.कडे गेलेले. माफी मागायला आणि विचारायला. माफीचं त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कोरा चहा दिला. कप रिकामा झाल्यावर म्हणाले, "रहू टाकाचा."

रहू म्हणजे बियाणं भिजवून, मोड आणून, थेट चिखलात फेकायचं. रोपं नाहीत, लावणी नाही. त्यांच्या वडलांच्या वेळी पूर आला की हेच करायचे. बियाणं मात्र हळवं पाहिजे, लवकर तयार होणारं, उशीर झालाय. ते कुठे मिळेल विचारलं तर आत गेले, बहिणीला फोन लावला. दहा मिनिटं घरच्या गप्पा, मग शेवटी एका वाक्यात बियाण्याचं. मिळालं.

"दादा, पोरांना जमेल?"

"पोरांला जमंल. तू ऐकशील का ते सांग."

ऐकेन म्हटलं.

शनि. १२ जुलै

बियाण्याला मोड मोहन्यात आले, चाळीत. रोशनीचा हट्ट, "आमचं शेत तिकडे आहे, बियाणं तरी आमच्याकडे राहू दे." गुरुवारी पिंपात भिजत घातलं, काल गोणपाटात बांधून जिन्याखाली ठेवलं, वर जुनी गोधडी. तिची आई दर तीन-चार तासांनी कोमट पाणी शिंपडत होती. चाळीतल्या बायका विचारायला येत, कोण बाळंतीण आहे जिन्याखाली. आज गोणी उघडली तर आत हात घालवत नाही इतकी ऊब, आणि प्रत्येक दाण्याला पांढरं टोक. रोशनीच्या वडलांची कंपनीतली नोकरी चार वर्षांपूर्वी सुटली, तेव्हापासून ते फारसं बोलत नाहीत. ते वाकून बघत राहिले. म्हणाले, उद्या टेम्पो मी सांगतो, गोणीत दाबले तर मोड मोडतील.

रवि. १३ जुलै

पेरलं, या वेळी वरच्या खाचरांत.

चिखलणीला पॉवर टिलर आणलेला, चालवणारा आलाच नाही. ग.दां.नी जितेशला हाक मारली. तो तोंडाला रुमाल बांधून आला, डोळ्यांपर्यंत. रस्त्यावरून मित्र जातात, ओळखतील म्हणून. पण मशीनवर हात बसलाय पोराचा. तिसऱ्या फेरीला वळण असं घेतलं की गावातली पोरंही हातातलं काम सोडून बघायला लागली.

मग ग.दां.नी धोतर खोचलं आणि चिखलात उतरले. सात वर्षांनी, असं त्यांची सून म्हणाली. ती घरातून बघायला आलेली. मूठ कशी धरायची, मनगट कधी सोडायचं दाखवलं. "फेकू नको, वाढ." वाढ म्हणजे पानात वाढतात तसं. रोशनीला दुसऱ्या मुठीला जमलं, मला सहाव्या. माझं चुकत होतं तेव्हा गावातला एक जण म्हणाला, "मॅडम, हात लवकर उघडताय." बरं वाटलं.

शनि. १९ जुलै

उगवलं. दोन ठिकाणी खेकड्यांनी बांध पोखरून पाणी पळवलेलं, बुजवलं. सरांना फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नाही. त्यांचं उत्तर: "ठीक. चालू ठेवा."

रवि. १० ऑगस्ट

रहूत तण जास्त, हे ग.दां.नी आधी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "सांगितला असता तं केला नसता तुमी."

दिवसभर वाकून. दुपारी जितेश आणि रोशनीचं वाजलं. जितेश म्हणाला, "तुमची रविवारची पिकनिक आहे ही. मला गावात विचारतात, नोकरी गेली का रे तुझी." रोशनी तण उपटतच बोलली: "मला चाळीत विचारतात, बी.एससी. करून चिखलात कशाला. मी सांगते, बी.एससी. चिखलाचंच आहे. तू पण काहीतरी सांग ना."

मी मध्ये पडले नाही. तो पुढचा पट्टा संपेपर्यंत तण काढत थांबला, हे लिहून ठेवते. सांगितलं नव्हतं कुणी.

रवि. २१ सप्टें.

लोंब्या बाहेर पडल्या. सकाळच्या उन्हात बारीक पांढरा फुलोरा, हात लावला तर बोटाला पीठ. मोहन्याच्या पोरांनी भाताला फूल येतं हे पहिल्यांदा बघितलं. मीसुद्धा. सांगितलं नाही. (नंतर सांगितलं. नियम आहे.)

वरच्या बांधाच्या कोपऱ्यात तीन खुंट्या, टोकाला लाल रंग. मागच्या रविवारी नव्हत्या.

ग.दां.कडे गेले. लपवलं नाही त्यांनी. "परवा माणसा आल्ती मोजाला. मुंबईची हायेत, बंगला बांधाचाय, नदी दिसते म्हणून." मग: "हंगाम तुमचा. शब्द दिला तो दिला. म्होरचा इचारू नको, बाय."

विचारलं नाही. चहा घेतला नाही.

सोम. २२ सप्टें.

प्रकाश म्हणाला, जमीन त्यांची आहे. बरोबर आहे. मग राग कुणाचा येतोय? दादांच्या मुलाला रिक्षा बदलायची आहे, त्यांचं घर गळतंय, यात कुणाचं काय चुकलं. माझं दुःख एवढंच की आता कुठे मला भात कळायला लागलेला.

पोरांना रविवारी सांगायचं. पीक कापून झाल्यावर सांगितलं तर ते खोटं ठरेल.

रवि. २८ सप्टें.

सांगितलं. दोघं खुंट्या उपटायला निघाले, अडवलं. दुसऱ्याच्या जमिनीतली खुंटी आहे, आपण पाहुणे. रोशनी म्हणाली, "मी दादांशी बोलू?" बोल म्हटलं. मी पाच पावलं मागे उभी राहिले.

"दादा, विकू नका असं मी म्हणत नाही. मला फक्त विचारायचंय, तुम्हाला विकायचीय का?"

ग.दा. नदीकडे बघत म्हणाले, "मना कोन इचारतो. मी गेल्यावर हित कोन उतरनार? ज्यांची हाय त्यांना नको, मग ठेवू कोनासाठी?"

"जितेशला विचारलंत?"

"त्याला काय इचारू. त्याचा जीव बाईकवर."

जितेश मागेच होता, पाण्याची वाट मोकळी करून आलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. ग.दां.नी वळून बघितलं.  मी पोरांना तिथून हलवलं. ती वेळ आमची नव्हती.

रवि. २६ ऑक्टो.

पाऊस अजून जात नाही. एका बाजूचं भात आडवं झालं, बाकीचं उभं आहे. ग.दा. म्हणतात थांबा, पुढचा रविवार. आधी माझा हात विळ्याकडे गेला असता. थांबले.

रवि. २ नोव्हें.

कापलं. एकोणीस जण, रोशनीचे आई-वडील आले, गावातल्या तीन बायका न बोलवता आल्या आणि आमच्या दुप्पट वेगाने पुढे गेल्या. भारे वरच्या खळ्यावर नेले. आडवं झालेलंही बरंचसं हाती लागलं. दाणा बारीक, भरलेला.

दुपारी रस्त्यावर दोन बाईक थांबल्या. "अरे जित्या, काय चाललंय?" जितेश कमरेवर हात ठेवून सरळ उभा राहिला. "भात कापतोय. या, विळा देतो." ते आले नाहीत. पण तो हसत होता, आणि परत वाकला तेव्हा रोशनीच्या पुढे निघून गेला. तिला ते चाललं नाही. पुढचा तास दोघांची शर्यत, बाकीचे भारे बांधून दमले.

बुध. ५ नोव्हें.

सर खडवलीला येऊन गेले. झोडणी बघितली, स्वतः चार पेंढ्या आपटल्या, शर्टाला कुसळं लागली. पुढच्या वर्षीचा आराखडा मागतात. म्हटलं, आराखडा माझ्याकडे आहे, जमीन आहे की नाही ते माहीत नाही. दुसरीकडे बघू या म्हणाले. बघू. पोरांना आता शेत येतं, ते कुठेही येईल. हे मी धीर द्यायला म्हटलं नाही, खरं आहे.

संध्याकाळी जितेशचा फोन. "मॅडम, मी आजोबांना बोललो. थोडी वर्षं थांबा म्हटलं. नोकरी सोडणार नाही, पण सुट्टीचे दिवस देतो म्हटलं."

"मग?"

"आजोबा काय बोललेच नाहीत. पप्पा चिडले. जमीन घेणारी पार्टी रविवारी येतेय, अकराला."

त्याला शाबासकी द्यावी की बापाशी भांडू नको सांगावं, कळेना. जेवलास का विचारलं.

रवि. ९ नोव्हें.

अवजारं आणायला गेलेलो, एवढंच काम होतं. टिकाव, विळे, दोन पिंपं. खाचरात भाताची खोडं, खाली माती अजून ओली. रोशनीने ग.दां.ना सहज विचारलं, भातानंतर इथे काय टाकतात.

"वाल. वल हाय तवरच टाकाचा." वल म्हणजे ओल.

मग तेच खाचरात उतरले. टाचेने माती दाबून बघितली. जितेशला म्हणाले, "माळ्यावर वालाचा डबा हाय, घेऊन ये."

खोडांच्या मधून काठीने भोक, भोकात दोन दाणे, वरून पायाने माती.  अवजारं बांधावर तशीच राहिली. आम्ही दोन-दोन जण ओळी धरल्या. माझ्या जोडीला ग.दां.ची सून होती, ती दाणे मोजून देत होती.

अकराला पांढरी गाडी आली. जितेशचे वडील घाईने खाली आले, "बाबा, लोक आलेत." ग.दां.नी मान वर केली. "त्यांना बसव. चहा दे. ही ओळ झाली की येतो."

वडील परत वर गेले. ग.दां.ची ओळ झाली, मग ते पुढच्या ओळीत शिरले. जितेशने वर घराकडे, बाप गेला तिकडे बघितलं, मग आजोबांच्या शेजारची ओळ धरली.

वाल हाती यायला माघ उजाडेल. रोशनीने विचारून घेतलं, वहीत लिहिलं.

दीडला निघालो. गाडी उभीच होती, दोन माणसं अंगणात खुर्च्यांवर. ग.दा. अजून खाचरातच, मूठभर दाणे शिल्लक होते त्यांच्याकडे.